दोन बोटं मोकळी

चाकण, १२ जून २०२४

सुमेधाआत्या,

सा. न. वि. वि. तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, आणि नंतर 'काम असेल तर लिहून पाठव' असा मेसेज आला. म्हणून हे ईमेल. आजकाल एवढं लांब कोणी लिहीत नाही, पण तुझ्याशी वाद कोण घालणार.

हिंजवडीची नोकरी सोडून मी चाकणला शेड घेतली हे बाबांनी तुला सांगितलं असेल, आणि तू काय म्हणालीस हेही त्यांनी मला सांगितलं. असो. आम्ही बिडाचे दांडीचे तवे विकतो. ओतकाम एका फौंड्रीकडून करून घेतो. घासणं, तेल लावून भाजणं आणि पॅकिंग आमच्याकडे. माल थेट ग्राहकाच्या घरी जातो. जानेवारीपासून दोनशे चाळीस तवे गेले आणि सत्तेचाळीस परत आले, सगळे दांडीशी मोडलेले. कुरिअरवाले फेकाफेक करतात, पण त्यांचा माणूस म्हणतो की तुमचा खोकाच कमजोर आहे.

तू तीस वर्षं कंपनीत पॅकेजिंग बघितलंस. 'खोका योग्य आहे' एवढं दोन ओळींत लिहून सही करून दे. मी ते त्यांच्या तोंडावर मारीन. खात्री पटावी म्हणून दोन तवे कुरिअरने तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. खोका आम्ही डिझायनरकडून करून घेतलाय, काळा, वर सोनेरी अक्षरं. लोक उघडतानाचे व्हिडिओ टाकतात.

स्वानंद


निगडी प्राधिकरण, १९ जून २०२४

चि. स्वानंद,

आशीर्वाद शेवटी लिहीन, लायक वाटलास तर.

फोनवर बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही, म्हणून मी लिहून मागते. नोकरीत असतानाही मागायचे. तेव्हा लोक मला तुसडी म्हणायचे, आणि माल व्यवस्थित पोचायचा.

तुझे दोन्ही खोके आले. एक तवा मोडका, एक धड. सही मिळणार नाही. कुरिअरवाल्याचा माणूस तुझ्यापेक्षा शहाणा आहे, त्याला नोकरीवर ठेव.

आता तुझा खोका. तव्याची लांबी दांडीसकट बेचाळीस सेंटीमीटर, रुंदी सव्वीस, उंची पाच. तुझा खोका छप्पन्न बाय चाळीस बाय सोळा. तवा पाठवतोयस की तव्याबरोबर चाकणची हवा? उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत. पावणेतीन किलोचं बीड त्या बोळ्यांचा पहिल्याच धक्क्यात पापड करतं, आणि मग तवा आत खुळखुळ्यासारखा हिंडतो. पुठ्ठा तीन प्लाय, म्हणजे तीनच थरांचा. त्यातल्या पन्हळी उभ्या हव्यात, तुझ्या आडव्या आहेत. एकावर एक आठ खोके रचले की खालचा बसलाच. सोनेरी अक्षरांनी वजन पेललं जात नाही.

करायचं ते असं. पाच प्लाय, पन्हळी उभ्या. माप आतून त्रेचाळीस बाय सत्तावीस बाय सहा. खोक्याचं माप आतून घेतात, हे तुझ्या डिझायनरला बहुतेक पहिल्यांदाच कळेल. तवा आत हलता कामा नये.

आणखी एक. धड आलेल्या तव्याच्या खोक्यात कोणीतरी जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, दुमडून, सुतळीने बांधून भरल्या होत्या. ग्राहकाला हे भंगार दाखवायचंय का? तो तवा वाचला हा योगायोग. ज्या कोणा अडाणी माणसाने हा उद्योग केला असेल त्याला आधी थांबव. खोका चुकला की माणसं चिंध्या भरू लागतात, आणि खोक्याची चूक कायमची झाकली जाते.

सुमेधाआत्या


चाकण, २४ जुलै २०२४

आत्या,

तुझ्या भाषेबद्दल काही बोलत नाही. माप घेतलं. पाच प्लायचे पाचशे खोके सांगितले, परवा आले. तवा असा घट्ट बसतो की खोका हलवला तरी आवाज येत नाही. काळा रंग तेवढा ठेवलाय.

चिंध्यांचा बंदोबस्त केला. त्या भरणाऱ्या विमलबाई, चऱ्होलीच्या, पन्नाशीच्या. आमच्याकडे पॅकिंगला तीन टेबलं आहेत, प्रत्येकावर एक बाई. मी तिघींना एकत्र बोलावून तुझ्या पत्रातला तो भाग वाचून दाखवला. म्हटलं तज्ज्ञाचं म्हणणं तज्ज्ञाच्या शब्दांत कळू दे. बाकीच्या दोघी हसल्या. ही बाई मात्र मला विचारते, "तुमच्या आत्याबाईंनी कधी तवा भरलाय व्हय?"

म्हटलं, "तीस वर्षं पॅकिंग केलंय तिने."

"कशाचं?"

"गाड्यांच्या गिअरचं."

"मंग त्यांना म्हणावं, येक गिअर पाडा आन येक तवा पाडा. काय फुटतंय बगा."

शेडमध्ये सगळ्यांसमोर असं बोलू दिलं तर उद्या कोणी ऐकणार नाही. मी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यांनी डबा उचलला आणि त्या गेल्या. आमची स्नेहल, जी डिस्पॅच बघते, तोंड पाडून बसली होती, पण ती तशी हळवीच आहे.

एक मात्र कबूल करतो, तुझ्या तिरसटपणाचा उपयोग झाला. नागपूरच्या एका कंपनीने दिवाळीला कर्मचाऱ्यांना द्यायला चारशे तवे मागितलेत. प्रत्येकाच्या घरी पोचवायचे आहेत. हे जमलं तर बाबांनी 'परत नोकरी शोध' म्हणणं बंद करावं, एवढं तू त्यांना सांग.

स्वानंद


चाकण, २९ ऑगस्ट २०२४

आत्या,

तुझ्या खोक्यातून दीडशे तवे गेले. अठ्ठावन्न परत आले.

पुन्हा लिहितो, म्हणजे नीट वाचशील. दीडशेत अठ्ठावन्न. माझ्या 'हवा भरलेल्या' खोक्यात पाचात एक मोडत होता, तुझ्यात पाचात दोन. खोक्यांना काही झालेलं नाही. कोपरेसुद्धा चेपलेले नाहीत. आत तवा आहे आणि दांडी वेगळी आहे, जशी काही मुद्दाम तोडून शेजारी ठेवलीय. एका बाईने व्हिडिओ टाकलाय, 'खोका सुंदर, तवा दोन तुकड्यांत'.

तू कोणालाही अडाणी म्हणू शकतेस कारण तुला परत आलेला माल बघावा लागत नाही. पेन्शन घरपोच येते. मला पंचावन्न दिवसांत चारशे तवे नागपूरला पोचवायचे आहेत. आता काय करू ते तुझ्या त्या ठसक्यात सांग.

स्वानंद


निगडी, २ सप्टेंबर २०२४

स्वानंद,

रडू नकोस. खोका टिकला आणि तवा मोडला, तर दोष तव्यात आहे. तुझ्या फौंड्रीने बीड घाईने थंड केलं असेल. स्वस्तातली फौंड्री शोधलीस की बाबांच्या ओळखीची?

मोडलेले सगळे तुकडे ठेवून दे, एकही भंगारात देऊ नकोस. मी शुक्रवारी येते. निगडीहून बस बदलत यायला दीड तास लागेल, तेव्हा चहा तरी नीट करून ठेव. आणि मी येईन तेव्हा तज्ज्ञ वगैरे म्हणून माझी ओळख करून देऊ नकोस. तुझ्या तोंडी तो शब्द शिवीसारखा येतो.

सुमेधाआत्या


निगडी, ८ सप्टेंबर २०२४

स्वानंद,

परवा तू फौंड्रीवाल्याशी फोनवर भांडत बाहेर उभा होतास, तेव्हा मी आत काय केलं ते लिहिते. वाचताना कोणाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

आधी तुकडे पाहिले. तुटलेल्या जागी बीड चांगलं आहे, एकसारखं, करडं. फौंड्रीवाल्याला तू उगाच शिव्या दिल्यास, आणि त्या माझ्या सांगण्यावरून दिल्यास. मग तुझ्या शेडच्या फरशीवर माझ्या मापाचा भरलेला खोका कमरेच्या उंचीवरून टाकला. खोक्याला ओरखडा नाही. उघडला, तर दांडी मोडलेली. दुसरा टाकला. तेच. पुठ्ठा ताठ आणि तवा त्याला घट्ट चिकटलेला, म्हणजे फरशीचा धक्का जसाच्या तसा बिडाला पोचतो, आणि बीड जिथे सगळ्यात बारीक आहे तिथे मोडतं.

मी तीस वर्षं गिअर भरले. गिअर पडला तर फरशी फुटते. मला फक्त एवढंच बघायचं असायचं की खोका फाटू नये आणि थप्पी बसू नये. स्वतः मोडेल अशी वस्तू मी जन्मात भरली नाही, आणि हे तुला सांगण्याचं मला सुचलंही नाही. विमलबाईंना ते एका प्रश्नात कळलं होतं. तू तो प्रश्न मला विनोद म्हणून लिहून पाठवलास आणि मी विनोद म्हणून वाचला.

त्याहून वाईट पुढे आहे. स्नेहलने मला परत आलेल्या मालाची वही दाखवली. प्रत्येक नगापुढे टेबलाचा नंबर तिने लिहिलाय. जुन्या खोक्यांच्या वेळी विमलबाईंच्या टेबलावरून नव्वद तवे गेले. परत आले दोन. बाकी दोन टेबलांवरून दीडशे गेले, आले पंचेचाळीस. हे सगळं तुझ्याच शेडमध्ये, निळ्या शाईत लिहिलेलं होतं. स्नेहलला विचारलं, "साहेबांना दाखवलं नाहीस?" ती म्हणाली, "दोनदा टेबलावर ठेवली. त्यांनी वर लॅपटॉप ठेवला."

तू वही वाचली नाहीस हा तुझा गाढवपणा. मी ती मागितली नाही हा माझा, आणि माझा मोठा, कारण मला मागायचं माहीत होतं. एका नगावरून निष्कर्ष काढू नका, हे मी दर वर्षी नव्या पोरांना शिकवत असे. धड आलेल्या एका तव्याला मी 'योगायोग' म्हणून निकालात काढलं, कारण आतल्या पट्ट्या दिसायला घाणेरड्या होत्या.

विमलबाईंना मी लिहितेय. स्नेहल चऱ्होलीतच राहते, तिच्या हाती पाठवीन. तू काही लिहू नकोस. तू लिहिलंस की काहीतरी विकत असल्यासारखं वाटतं.

सुमेधाआत्या


निगडी, ९ सप्टेंबर २०२४

श्रीमती विमलबाई यांस,

नमस्कार. तुमची माझी भेट नाही. तुम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून भरलेल्या तव्याबद्दल मी माझ्या भाच्याला जे लिहिलं, ते चुकीचं होतं. तुमचं भरणं योग्य होतं. मी वापरलेल्या शब्दाबद्दल माफी मागते.

तुम्ही परत कामावर याल तर स्वानंद तुम्हाला घेईल. पट्ट्यांची जाडी, घड्या आणि जागा यांची माहिती मोजमापासह लिहून दिलीत तर मी नकाशा तयार करीन.

सुमेधा


चऱ्होली, १५ सप्टेंबर

सुमेधा मॅडम यांना विमलबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र स्नेहलनं दिलं. म्या सातवी शिकली हाय, म्हणून आपल्याच हातानं लिहिते. चुका काढा, तुमचा धंदाच त्यो.

तुमी माफी मागितली पहिल्या चार वळीत, आन पाचव्या वळीत लगेच काम सांगितलं. मोजमापासह म्हनं. तुमच्या घरच्या मोलकरनीला तरी बरं बोलत असाल.

तुमचा भाचा मला घेईल म्हनता. मी काय रस्त्यावर पडलेली वस्तू हाय व्हय, घ्यायला? आमचं शेत होतं चऱ्होलीत. आता तिथं सात मजली उभी हाय. पैसे आले, भावांनी वाटून घेतले, मला बी वाटा दिला. म्या काम करते कारण मला बसून ऱ्हायला येत न्हाई. पोटासाठी न्हाई. हे तुमच्या भाच्यानं कधी इचारलं न्हाई, तुमी बी न्हाई.

तव्याचं सांगते, कारण फुटक्या मालाची मला चीड हाय. कोन चुकलं त्यापरीस फुटलं ह्याचा राग येतो. परत आलेला येक येक तवा म्या हातात घेऊन बघितला. दर टायमाला दांडी मानंतून गेलेली. का, तर दांडीचं टोक कशाला तरी टेकलेलं. तवा पडतो, टोक थांबतं, पोट म्होरं जातं, मान मोडते. म्हून म्या पोटाखाली घड्या दिल्या, मानंला दोन्हीकडून गळपट्टा दिला, आन टोक कशालाच टेकू दिलं न्हाई. टोकाम्होरं दोन बोटं मोकळी. चारी बाजूनं दोन बोटं. मोजपट्टी न्हाई, बोटं.

खोका तुमचा चांगला हाय, पाच प्लायचा. जुना फुसका होता. पन तुमी त्यो तव्याच्या मापाचा केला. माणूस आपल्या मापाच्या पेटीत मेल्यावर जातो.

आता माफीचं. तुमचं ते 'अडाणी' शेडमदी दोन बायांम्होरं आन स्नेहलम्होरं मोठ्यानं वाचलं. दोघी हसल्या. तुमची माफी मला येकटीला चिठ्ठीत आली. हे काय बरुबर न्हाई. जेवढ्यांनी ते ऐकलं तेवढ्यांनी हे ऐकाया पायजे, आन तुमच्या तोंडून. मंग बघू.

विमल


निगडी, २५ सप्टेंबर २०२४

स्वानंद,

सोमवारी मी विमलबाईंची माफी सगळ्यांसमोर मागायला शेडवर आले, आणि तू नेमका मुंबईला निघून गेलास. 'मीटिंग' होती म्हणे. तुझ्या मीटिंगा तुझ्या खोक्यांसारख्या असतात, आत काय आहे ते फक्त तुलाच माहीत. म्हणून काय झालं ते लिहिते.

स्नेहलने दोघींना टेबलांपाशी उभं केलं. विमलबाई दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी आधी तुला लिहिलेलं माझं वाक्य वाचलं, 'अडाणी'सकट. मग वहीतले आकडे वाचले, नव्वदात दोन आणि दीडशेत पंचेचाळीस. मग म्हटलं की मी न बघता, न विचारता लिहिलं, हे चुकलं, आणि माझी माफी. मी तीनशे माणसांसमोर भाषणं केलीत. तिथे चौघी होत्या आणि शेवटचं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

हसणाऱ्यांपैकी एक बाई म्हणाली, "आमी हसलो त्याची बी माफी मागायची का, विमलताई?"

विमलबाई म्हणाल्या, "तुझी तू बघ."

मग त्या आत आल्या, टेबलावरचा माझ्या मापाचा खोका उचलून मला दिला आणि म्हणाल्या, "मॅडम, भरा."

मी भरला. त्यांनी तो सोडला, जमिनीवर, माझ्यादेखत. दांडी मोडली. दुसरा भरायला लावला. सहा तवे मोडेपर्यंत त्यांनी मला एक शब्द शिकवला नाही. सातव्याला माझा हात धरून त्यांनी घडी कुठे घालायची ते दाखवलं. तो टिकला. तुझे सहा तवे गेले ते माझ्याकडून वळते करून घे, आणि त्यावर काही बोलू नकोस.

खोक्याचं माप आतून एकोणपन्नास बाय तेहेतीस बाय बारा. पाच प्लाय, पन्हळी उभ्या. उद्याच्या उद्या सांग. त्या बारा दिवस येतील, नागपूरचा माल भरतील आणि दोघींना शिकवतील. त्यांची एकच अट आहे. तूही त्या दोघींसमोर 'चुकलं' म्हणून बोलायचंस. आणि मेसेज चालणार नाही, ही अट मी माझ्याकडून घालते.

सुमेधाआत्या


चाकण, ११ नोव्हेंबर २०२४

आत्या,

दिवाळीच्या शुभेच्छा उशिराने. नागपूरचे चारशे तवे पोचले. मोडले पाच. त्या कंपनीने पुढच्या वर्षासाठी कढया विचारल्यात. बाबांनी काल पहिल्यांदा शेड बघितली.

विमलबाई बारा दिवस आल्या, तेराव्या दिवशी आल्या नाहीत. माझ्या बोलण्याचं म्हणशील तर, मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण कामाची घाई होती. मग शेवटच्या दिवशी मिठाईचा पुडा दिला आणि तिथेच सुपरवायझर व्हा म्हटलं. त्यांनी पुडा दोघींना वाटून टाकला. म्हणाल्या, "साहेब, तुमी बोलायचं व्हतं, खायला घालायचं न्हाई." आता एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी चांगली नोकरी सोडतं का? पण ठीक आहे, पद्धत आपल्याकडे राहिली.

नव्या खोक्यावर आतल्या बाजूला छापतोय: 'रचना: सुमेधा, पॅकेजिंगचा तीस वर्षांचा अनुभव'. लोकांना गोष्ट आवडते. तुझा एखादा फोटो पाठव.

स्वानंद


निगडी, १७ नोव्हेंबर २०२४

स्वानंद,

फोटो मिळणार नाही आणि माझं नावही छापायचं नाही. छापलंस तर मी कुरिअरने तुझा खोका मागवून त्याचा व्हिडिओ टाकीन. ती रचना विमलबाईंची आहे. त्यांचं नाव छापायचं असेल तर त्यांना विचारावं लागेल, आणि विचारण्याआधी तुला ती एक गोष्ट बोलावी लागेल जी तू बारा दिवसांत बोलला नाहीस. 'एवढीशी' होती ना? मग जड का गेली?

बाबांना शेड आवडली हे त्यांनी मला सांगितलं. मला बरं वाटलं. ते तुझ्यामुळे नाही, पण वाटलं.

काल चऱ्होलीला गेले होते. विमलबाईंनी ओट्यावर बसायला सतरंजी टाकली. चहा विचारला नाही आणि मीही अपेक्षा केली नव्हती. भोसरीला आरशांचा एक कारखाना आहे, तिथे त्यांना पॅकिंगवर नेमलंय. तिथे खोक्यांचं माप त्याच ठरवणार आहेत. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, आरशाला पाच प्लाय घ्यावा का सात?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "आरसा केवढा आहे? जाड किती? कुठून फुटतो?"

त्या सांगू लागल्या. पिशवीत कागद होता, तो काढून मी लिहून घेतलं.

सुमेधाआत्या